गावाचे गाणे कोणी नेले?

जुन्या कादंबरीवर चित्रपट काढणाऱ्याने तिच्यातले काय ठेवावे आणि काय टाकावे हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे, असे हल्ली मोठ्या अधिकारवाणीने सांगितले जाते. हा अधिकार मी नाकारीत नाही. दुसऱ्याच्या तळ्यातले पाणी आपल्या घागरीत घ्यावयाचे तर ते घागरीच्या मापानेच घ्यावे लागणार, हे कळायला फार शहाणपण लागत नाही. पण तळ्यावरची कमळे तेवढी खुडून न्यावयाची, घागर कोरडीच ठेवावयाची, आणि घरी जाऊन सांगावयाचे की पाणी आणले, याला काय म्हणावे?

हे म्हणण्याचे कारण थॉमस हार्डी या इंग्रज लेखकाची 'अंडर द ग्रीनवुड ट्री' ही १८७२ सालची छोटेखानी कादंबरी, आणि तिच्यावर इंग्लंडमधील आयटीव्ही या दूरचित्रवाणी वाहिनीने दाखविलेला दीड तासाचा चित्रपट. २००५ सालच्या २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सणाचे जेवण अंगावर आलेली मंडळी सैलावून बसलेली असताना तो इंग्लंडमध्ये घरोघर दिसला. पटकथा ॲशली फॅरो यांची, नायिका कीली हॉज. चित्रपट दिसायला देखणा आहे, यात वाद नाही. हिरवी राने, दगडी घरे, बर्फ, उन्हे, झालरीचे झगे, सगळे जागच्या जागी आहे. तो पाहण्यापूर्वी मी कादंबरी वाचली होती. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हार्डीची खेडवळ इंग्रजी कळावी म्हणून शब्दकोश मांडीवर घेऊन बसावे लागले. पण सावकाश वाचणाऱ्याचा एक फायदा होतो. पुस्तकात कोण किती बोलते, कोणाला लेखकाने किती जागा दिली आहे, याचा हिशेब त्याच्या मनात पक्का राहतो. त्या हिशेबाने पाहता माझी तक्रार एका वाक्यात अशी, की ज्या माणसांत या कादंबरीचा जीव आहे त्यांना चित्रपटाने शोभेच्या जागी नेऊन बसविले, आणि बाकी जे उरले त्याला कादंबरीचे नाव दिले.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. मेलस्टॉक नावाचे एक खेडे. तेथे शाळेवर फॅन्सी डे नावाची तरुण शिक्षिका येते. रानाच्या रखवालदाराची ही मुलगी शिक्षकांच्या परीक्षेत पहिली आलेली, रूपाने नीटस, आणि त्या रूपाची तिला जाणीवही पुरेपूर. तिच्यावर तिघांचा डोळा असतो. एक, भाड्याने मालाची ने-आण करणाऱ्या गाडीवानाचा मुलगा डिक ड्यूई. दुसरा, श्रीमंत शेतकरी आणि देवळाचा कारभारी शायनर. तिसरा, गावात नवा आलेला तरुण पाद्री मेबोल्ड. शेवटी ती डिकशी लग्न करते. एवढी गोष्ट चित्रपटाला पुरते. कादंबरीला ती पुरत नाही, कारण हार्डी जी गोष्ट सांगावयास बसला होता ती दुसरीच होती.

त्या खेड्याच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या गावच्या वादकांचा एक ताफा वाजवीत आणि गात आला आहे. डिकचा आजा विल्यम ड्यूई याच्याकडे मोठे खर्जाचे व्हायोलिन, बाप रूबेन आणि मायकेल मेल यांच्याकडे मधल्या सुरांची, आणि डिककडे वरच्या सुरांचे. शिवाय जोडे शिवणारा पेनी, आणि थॉमस लीफ नावाचा एक भोळसट पोरगा. लीफला धड दोन वाक्ये बोलता येत नाहीत, पण वरचा सूर असा लागतो की त्यासाठी सारी मंडळी त्याला सांभाळून घेतात. नवा पाद्री देवळात पायपेटीच्या जातीचे एक ऑर्गन आणतो, ते वाजवायला शाळेच्या बाईंना बसवितो, आणि ताफ्याला निरोप देतो. या निरोपाची गोष्ट म्हणजे ही कादंबरी. हार्डीने तिला प्रथम योजलेले नावही 'मेलस्टॉकचा ताफा' अशाच अर्थाचे होते. आज जे नाव आहे ते शेक्सपियरच्या नाटकातील एका गीतावरून मागाहून घेतलेले.

हे ताफे हार्डीच्या कल्पनेतून निघाले नव्हते. हार्डीचा जन्म १८४० सालचा, डॉर्सेट परगण्यातला. त्याचा आजा, बाप आणि चुलता हे तिघेही स्टिन्सफर्डच्या देवळात वाजवीत असत. कादंबरीतले मेलस्टॉक म्हणजे हेच स्टिन्सफर्ड. हार्डी अगदी लहान असतानाच तो ताफा मोडला. त्याने तो देवळात वाजताना कधी ऐकला नाही. घरात बापाचे व्हायोलिन ऐकले, स्वतः शिकला, तरुणपणी लग्नाकार्यांत आणि नाचांत वाजविले, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून बाकीचे ऐकले.

१८९६ साली कादंबरीला जोडलेल्या प्रस्तावनेत त्याने या वादकांचा जो जमाखर्च दिला आहे तो मला कोणत्याही प्रेमप्रसंगापेक्षा अधिक हलवून गेला. वर्षाकाठी नाताळात त्यांना मिळे ते असे: मोठ्या वाड्यातून १० शिलिंग आणि एक जेवण, पाद्र्याकडून १० शिलिंग, शेतकऱ्यांकडून प्रत्येकी ५, आणि प्रत्येक झोपडीमागे १ शिलिंग. सगळे मिळून माणशी १० शिलिंगांच्या वर जात नसे. म्हणजे वर्षाला अर्धा पौंड. त्यात व्हायोलिनच्या तारा, दुरुस्ती, गजाला लावायची राळ आणि स्वरलिपीचा कागद एवढेच कसेबसे भागे; आणि त्या कागदावरच्या रेघाही बहुधा ते स्वतःच आखीत. आठवडाभर शेतात नाही तर कामावर राबून थकलेली ही माणसे रविवारी लांबलांबच्या वस्त्यांवरून पायी चालत देवळात येत. तारा आणि राळ विकणारा एक फिरता विक्रेता सहा महिन्यांनी एकदा येई. एकदा बर्फाच्या वादळामुळे तो अडकला, तेव्हा या लोकांनी चाबकाची दोरी आणि सुतळी ताणून काम भागविले!

त्यांच्या वह्यांची गंमत तर आणखी न्यारी. वहीच्या एका टोकाकडून देवाची गाणी लिहिलेली असत आणि वही उलटी करून दुसऱ्या टोकाकडून नाचाच्या गती आणि प्रेमाची गीते. दोन्हीकडून लिहिता लिहिता देव आणि नाच वहीच्या मधोमध एकमेकांना भेटत. ज्या गावाने आपल्या भजनाची आणि आपल्या हौसेची वही एकच ठेवली होती, ते गाव किती भरलेले असेल! हार्डीच्या या एका तपशिलापुढे झालरीचे शंभर झगे मला फिके वाटतात.

कोणी म्हणेल, ही माहिती प्रस्तावनेतली; चित्रपटवाल्याने ती दाखवावी तरी कशी? मग कादंबरीतलाच प्रसंग घेऊ. नाताळच्या आदल्या रात्री ताफा दारोदार गाणी वाजवीत फिरतो. शाळेच्या घरासमोर गाणे होते, प्रथम कोणी जागे होत नाही. पुन्हा वाजवितात. मग पडदा हलतो, आणि हातात मेणबत्ती धरलेली फॅन्सी खिडकीत उभी राहून त्यांचे आभार मानते. पुढे शायनरच्या दाराशी जातात, तेव्हा तो आतून ओरडतो की गोंगाट बंद करा, माझे डोके दुखते आहे. मंडळी चिडून अधिकच जोराने वाजवितात. मग पाद्र्याच्या घराशी येतात. तो अंथरुणातून न उठताच आतून आभार मानतो. आणि या फेरीतच एकदा लक्षात येते की डिक नाहीसा झाला आहे. शोधत जातात तो हा गडी अजून शाळेच्या खिडकीकडे टक लावून उभा!

यात हार्डीचे कसब काय आहे ते पाहा. नायिका आणि तिचे तीनही उमेदवार आपणास प्रथम कळतात ते दाराशी आलेल्या गावच्या गाण्याला त्यांनी काय उत्तर दिले यावरून. एकीने खिडकी उघडली, एकाने शिवी दिली, एकाने पांघरुणातून सौजन्य दाखविले, आणि एक त्या गाणाऱ्यांतलाच होता. प्रेमकथा ही ताफ्याच्या वेलीवर आलेले फूल आहे. वेल दुय्यम म्हणून कापली की फूल कशावर राहावयाचे?

नायिका खिडकीत दिसण्याच्याही आधी हार्डीने तिला एकदा आणले आहे. तेही कसे, तर जोडे शिवणाऱ्या पेनीच्या हातातला एक नाजूक जोडा म्हणून. पेनी हा असा कारागीर की बुडून मेलेल्या माणसाला त्याने पायाच्या घडणीवरून ओळखले होते. तो हा जोडा काढून दाखवितो, सारी मंडळी त्याच्याभोवती जमतात, आणि पोरीच्या पायात तिच्या बापाच्या पायाची ठेवण कशी उतरली आहे याची चर्चा होते. या कादंबरीत सौंदर्यसुद्धा आधी कोणाच्या तरी कामातून कळते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हार्डीने हे 'डच धाटणीचे ग्रामीण चित्र' असल्याचे नमूद केले होते. डच चित्रकार स्वयंपाकघरातली कढईही बाईसाहेबांच्या मुखड्याइतक्याच मायेने रंगवीत. दूरचित्रवाणीने मुखडा तेवढा ठेवला.

आता ज्या प्रकरणासाठी हे पुस्तक पुन्हापुन्हा उघडावे ते सांगतो. ताफा घालविण्याचे ठरल्याचे कळताच ही मंडळी रांगेने पाद्र्याच्या घरी जातात. मारामारीला नाही, याचिकेलाही नाही. त्यांना ठाऊक आहे की निकाल लागलेला आहे. जुना पाद्री त्यांना आवडे, कारण तो कोणाच्या वाट्याला जात नसे. हा नवा फार उत्साही. रूबेन अदबीने विचारतो की आमच्याकडून काही चूक घडली काय? पाद्री म्हणतो, मुळीच नाही. मग रूबेनचे एवढेच मागणे असते: आम्हांला जावयाचेच असेल तर एखाद्या बिननावाच्या फुटकळ रविवारी घालवू नका, नाताळसारख्या मोठ्या दिवशी मानाने जाऊ द्या. घासाघीस होते आणि २९ सप्टेंबरचा, मायकेलमसचा सण ठरतो.

वाचकहो, पदावरून काढल्या जाणाऱ्या माणसांनी पगार मागितला नाही, भरपाई मागितली नाही. मागितली ती एक बरीशी तारीख! हसू येते आणि त्याच वेळी घशाशी काही अडकते. हार्डीचा विनोद हा असा आहे. मला आपल्याकडचे कितीतरी म्हातारे आठवले, ज्यांना काळाने निवृत्त केले आणि ज्यांची एवढीच इच्छा होती की निदान आषाढीपर्यंत थांबा.

आणि मग तो रविवार येतो. फॅन्सी केसांच्या बटा सोडून, टोपीत पीस खोवून ऑर्गनपाशी बसते. ताफ्यातली माणसे आयुष्यात प्रथमच सज्जावरून खाली येऊन आपापल्या बायकांशेजारी बसतात. त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते आणि आपल्या हातांचे काय करावे ते कळत नाही. इतकी वर्षे त्या हातांत गज होता, वाद्य होते. आता ते रिकामे. या रिकाम्या हातांवर एक क्षण थांबण्यासाठी कॅमेऱ्याला काय अडचण होती? लांबलचक संवाद नको, पैसा नको, अर्धे मिनिट पुरे. पण ज्याला प्रेमकथाच सांगावयाची आहे त्याचे लक्ष त्या हातांकडे जातच नाही. ते ऑर्गनपाशी बसलेल्या मुलीच्या मानेकडे जाते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की पाद्री मेबोल्डने १८७२ च्या कादंबरीत जे केले तेच दूरचित्रवाणीने २००५ साली पुन्हा केले. ताफ्याला सौजन्याने बाजूस सारले, चांगला सणाचा मुहूर्त पाहिला, आणि त्यांच्या जागी एका सुंदर मुलीला बसविले. ताफा चित्रपटात नाही असे नव्हे. आहे, पण लग्नाच्या मांडवात वाजंत्री असतात तसा. आले म्हणजे बरे वाटते, गेले तर कोणाच्या लक्षात येत नाही. चित्रीकरणही डॉर्सेटमध्ये न होता जर्सी बेटावर झाले. त्याबद्दल माझा आक्षेप नाही. गाव कोठलाही चालेल. माझी तक्रार अशी की गाव दिसला आणि गावाचे म्हणणे ऐकू आले नाही.

याला जी उत्तरे दिली जातात ती मला ठाऊक आहेत. पहिले उत्तर वेळेचे: दीड तासात सारे कसे मावणार? सारे कोणीच मागत नाही. कापताना काय कापले यावरून कापणाऱ्याची आवड कळते. शिंपी कापड कमी पडले म्हणून बाह्या आखूड करील. सदऱ्याची पाठच कापणार नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनाचे आहे. हार्डीने स्वतःच हे पुस्तक हलक्या हाताने लिहिले, ताफ्याची थट्टा केली. मग चित्रपटाने ते गंभीर का घ्यावे? हे खरे आहे की त्याने ते थट्टेने लिहिले. तो तेव्हा तिशीतला, नाव न झालेला लेखक. पुस्तकावर त्याचे नावही नव्हते, आणि सारे हक्क प्रकाशकाला त्याने ३० पौंडांत विकले होते. पण पुढे काय झाले? १९१२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने प्रस्तावनेला आणखी मजकूर जोडला आणि लिहिले की या वादकांच्या खऱ्या जीवनात याहून वेगळ्या आणि खोल अभ्यासाचे साहित्य होते, आपण ते फार हलकेपणाने हाताळले. लेखकाला जी रुखरुख चाळीस वर्षे राहिली, ती नंतरच्या माणसाला फेडता आली असती. त्याऐवजी त्याने लेखकाने जेवढे वजन दिले होते तेवढेही उतरविले.

तिसरे उत्तर असे की सणाच्या दिवशी लोकांना गोड हवे असते. रडगाणे कोणाला हवे? हे उत्तर देणाऱ्यांनी कादंबरी वाचलीच नसावी. या पुस्तकात जे हसू आहे ते सगळे ताफ्यापाशी आहे. देवाच्या सेवेला तारांची वाद्येच कशी शोभतात आणि फुंकून वाजवायची सनई देवाला कशी नकोशी असते, याविषयी बर्फातून चालता चालता हे लोक जो वाद घालतात, तो वाचताना आमच्या आळीतल्या भजनी मंडळींची हटकून आठवण येते. उलट प्रेमकथेचाच शेवट कडवट आहे. ज्या रविवारी ताफा खाली बसतो आणि फॅन्सी ऑर्गनवर बसते, त्याच दिवशी संध्याकाळी पाद्री तिला मागणी घालतो. आणि डिकला वचन दिलेली ही मुलगी त्याला होकार देते! दुसऱ्या दिवशी ती तो मागे घेते, पाद्री तिला कळवितो की डिकला सारे सांगून टाक. पण ती सांगत नाही. लग्न होते, झाडाखाली नाच होतो, नवरा भाबडेपणाने म्हणतो की आपल्यात कसलाही आडपडदा नाही. आणि नवरीच्या मनात येते की एक गुपित मात्र मी कधीच सांगणार नाही. तेथे पुस्तक संपते.

एकाच दिवशी गावाचे गाणे गेले आणि गावच्या मुलाशी दिलेला शब्द ढळला, हा हार्डीने घातलेला सांधा आहे. त्याला सांगावयाचे आहे की जे देवळात झाले तेच घरातही शिरले. ज्या होकाराने मुलगी गावाबाहेरच्या थोर जीवनाकडे वळून पाहते, त्याचीच नांदी ते ऑर्गन वाजविते. ताफ्याचे दुःख काढून घेतले की हा होकार म्हणजे एका चंचल पोरीचा क्षणिक मोह तेवढा उरतो.

येथे मी फॅन्सीच्या बाजूने दोन शब्द बोलतो, कारण तीही मास्तरीण आणि मीही मास्तर. गावात काही नवे घुसवावयाचे झाले की सत्तेला शाळामास्तर हाताशी सापडतो. तो शिकलेला, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास. फॅन्सीने ताफ्याचा द्वेष केला नाही. तिला पेटी वाजविता येत होती एवढाच तिचा अपराध. तिला ऑर्गनपाशी बसविण्याचा आग्रह शायनरचा, हुकूम पाद्र्याचा, आणि दोघांच्याही मनात तिला जवळ आणण्याचा हेतू. चित्रपटाने तिला तीन पुरुषांतून एक निवडणारी स्वतंत्र स्त्री म्हणून पुढे ठेवले. पण दोन पुरुषांनी तिच्या हातून गावाचे नुकसान करवून घेतले, याकडे पाहणे तिच्या दृष्टीने अधिक न्यायाचे झाले असते.

पेटीवर माझा राग आहे असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्रात राहून पेटीवर रागावणे म्हणजे गोविंदराव टेंब्यांवर आणि गोविंदराव पटवर्धनांवर रागावणे होय. आपल्याकडे तर उलटाच प्रकार झाला. पेटीचे स्वर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, ती परकी, असे म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही. पण त्या तीस वर्षांत देवळातल्या भजनाने पेटीला हाकलले नाही. पखवाज, टाळ आणि वीणा यांच्या पंगतीत तिला पाट मांडून बसविले. मेलस्टॉकमध्ये पेटी आली आणि माणसे उठली. आमच्याकडे पेटी आली आणि माणसे थोडी सरकून बसली. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. जेथे एक जण वाजवू लागला म्हणून बाकीच्यांनी गप्प बसावयाचे असे कोणीतरी ठरविले, तेथे गाणे गेले. हार्डीनेही प्रस्तावनेत हेच म्हटले आहे: एकटा वादक आला, आणि देवळाच्या कामातला गावकऱ्यांचा जिव्हाळा आटला.

आमच्याकडे ही वेळ आली नाही असे मी अभिमानाने लिहिले असते. पण आता तसे लिहवत नाही. गेल्या काही गणेशोत्सवांत मी अशी घरे पाहिली की आरतीच्या वेळी मोबाइल सुरू होतो, त्यातून कोणा नामवंताच्या आवाजात आरती वाजते, आणि घरची मंडळी हात जोडून ऐकत उभी राहतात. सूर चुकत नाही, ताल चुकत नाही, एखादे कडवे विसरून आजोबांकडे पाहण्याची पाळी येत नाही. सारे निर्दोष, आणि तोंडे बंद. आमच्या एकादशीच्या भजनालाही माणसे गोळा करावी लागतात, कारण त्याच वेळेला मालिका लागते. त्या मालिकेत गाव असते; ऊस असतो, वाडा असतो, तुळशीवृंदावन असते, काठापदराच्या साड्या असतात. पण गावातल्या माणसाच्या हाताला माती लागलेली दिसत नाही, आणि चार माणसे एकत्र बसून काही करीत आहेत असे दृश्य सहसा येत नाही. खरे गाव भजन सोडून खोटे गाव पाहावयास बसते!

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातही एक तरुण मास्तर खेड्यात जातो. त्या वाडीने वर्गणीने आणि अंगमेहनतीने तालीम उभी केली, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर चित्रपट केला तेव्हा मास्तराच्या मागे कोणी नायिका लावून दिली नाही, मेंढरे मेंढरेच ठेवली, यासाठी त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. म्हणजे हे करता येते. उद्या कोणी त्याच पुस्तकाची दीडशे भागांची मालिका काढावयाचे म्हटले तर मास्तराला दोन नायिका आणि कारभाऱ्याला एक खलनायकी मेहुणा मिळेल, ही मला धास्ती आहे; आणि त्या वेळीही कोणीतरी अधिकारवाणीने सांगेल की काय ठेवावे हा त्यांचा अधिकार आहे.

अधिकार त्यांचा खराच. पण प्रेक्षकाचाही एक अधिकार आहे, आणि तो आपण वापरीत नाही. पुस्तकाच्या नावावर जेव्हा देखणी चित्रे आपल्यापुढे मांडली जातात, तेव्हा विचारावे की यातली कामकरी माणसे कोठे गेली? ती आपसांत काय बोलत होती? कोणाच्या हातातले वाद्य कोणी काढून घेतले? जुन्या ग्रामीण कादंबऱ्या थोर ठरल्या त्या त्यांतल्या मुली सुंदर होत्या म्हणून नव्हे. मुली तर सगळ्याच कादंबऱ्यांत सुंदर असतात. एक अख्खे गाव मिळून काय करीत असे, आणि ते करणे कसे थांबले, याची नोंद दुसऱ्या कोणी ठेवली नाही. ती या लेखकांनी ठेवली. तीच पुसून टाकल्यावर उरलेल्याला अभिजात म्हणण्याचे काही कारण नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. माझे मागणे फार नाही. सुट्टीत हार्डीची ही लहानशी कादंबरी मिळाल्यास वाचा. इंग्रजी अवघड वाटली तर मुलांना हाताशी घ्या. आणि पाडव्याच्या संध्याकाळी घरात चार माणसे जमली की तो मोबाइल फळीवर ठेवून द्या. कोपऱ्यात धूळ खात पडलेली पेटी असेल तर ती काढा. नसेल तर टाळ्या आहेतच. सूर लागला नाही तरी चालेल. घरात एखादा थॉमस लीफ असेलच. वरचे कडवे त्याच्याकडे द्या.